कारखान्याआधी माणूस मोजा

दरवर्षी नव्या करारांची बातमी येते. अमुक हजार कोटींची गुंतवणूक, तमुक हजार नोकऱ्या, आणि वर मोठ्या माणसांनी हातात हात घेतल्याचे छायाचित्र. आमच्या गावच्या पारावर ही बातमी मोठ्याने वाचली जाते, आणि वाचणारा थांबला की एखादा म्हातारा हटकून विचारतो, "पण जागा कोणाची?" हा प्रश्न अडाण्याचा म्हणून हसण्यावारी नेण्याची चाल पडली आहे. आम्ही म्हणतो, राज्याच्या अर्थनीतीला विचारण्याजोगा सर्वांत शहाणा प्रश्न हाच होय. जागा कोणाची, पाणी कोणाचे, राबणारे हात कोणाचे, आणि ह्या तिघांचा हक्क त्या करारात कोठे लिहिला आहे? जी नीती रुपये आधी मोजते आणि माणूस मागाहून, सवड मिळाल्यास मोजते, ती राज्यनीती नव्हे, तो व्यापार होय. सरकार हे पेढी चालविण्यासाठी नेमलेले नसून रयतेसाठी नेमलेले असते.

आम्ही खेड तालुक्यातील एका गावी मराठी शाळेत शिक्षक आहो. अध्यापक विद्यालयात आम्हांस अर्थशास्त्राचा धडा कोणी दिला नाही. पण शाळेच्या रजिस्टरात पालकाच्या धंद्याचा एक रकाना असतो, आणि तो वीस वर्षे भरता भरता आम्ही थोडे अर्थशास्त्र शिकलो. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा त्या रकान्यात शेती, सुतारकाम, लोहारकाम, कुंभारकाम असे लिहावे लागे. आता बहुतेक ठिकाणी 'कंपनी' लिहितो. कोणती कंपनी म्हणून मुलास विचारले तर तो म्हणतो, "माहीत नाही गुरुजी, ठेकेदाराची आहे." मागे तिसरीच्या वर्गात "तुमच्या रानात काय पिकते?" असे विचारले, तर एक पोर उभे राहून म्हणाले, "खोल्या." वर्ग हसला. पण पोर खरे तेच बोलले होते. कांद्याच्या वावरात त्याच्या बापाने भाड्याच्या दहा खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांत लातूर-नांदेडचे, बिहारचे कामगार राहतात.

आमच्या लिहिण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून आधीच सांगतो की आम्ही कारखान्यांचे वैरी नाही. कारखाने आले म्हणून आमच्या भागात डांबरी सडका आल्या, दवाखाने आले, पोटासाठी मुंबई गाठण्याची पाळी पुष्कळांवरून टळली. भोसरी-चिंचवडच्या लहान शेडांतून कित्येक लोहार-सुतारांची मुले स्वतःच्या लेथची मालक झाली, ही गोष्ट अभिमानाची आहे. आणि पिंपरीच्या आरंभीच्या मोठ्या कारखान्यांतील एक कोणता होता, हे आज कितीजणांस ठाऊक आहे? १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांची त्यास मदत होती, आणि पेनिसिलिनसारखे औषध येथेच बनून गरिबासही परवडावे हा त्यामागील हेतू होता. तो कारखाना पुढे डबघाईस आला ही गोष्ट वेगळी. पण माणसाचे जगणे मध्यभागी ठेवून कारखाना काढता येतो, हे ह्याच मातीने पाहिले आहे. तेव्हा आमची मागणी परदेशातून आणलेली नाही.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि जमिनी संपादन होऊ लागल्या. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघाले. कामगारास स्वस्त घर मिळावे हा उद्देश चांगला होता. पण १९७२ ते १९८३ ह्या काळात ज्यांच्या जमिनी प्राधिकरणाने घेतल्या, त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के परताव्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. २०२१ साली प्राधिकरणच विलीन होऊन गेले. संस्था निघाली, मोठी झाली, संपलीही. शेतकरी मात्र नातवाचे बोट धरून कचेरीच्या पायऱ्या चढतच होता.

आमच्याच तालुक्यात कन्हेरसर, निमगाव, दावडी ह्या बाजूस विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेतल्या गेल्या. पंधरा टक्के विकसित जमीन परत मिळेल असे वचन होते, आणि त्यापोटी मोबदल्यातून रक्कम कापूनही घेतली गेली. पुढे जमिनीच्या जागी शेतकऱ्यांच्या नावे कंपनी निघाली, कागदोपत्री शेतकरी भागधारक झाला, आणि हक्काच्या परताव्यासाठी त्याला मोर्चे काढावे लागले. ज्याने आयुष्यभर बैलांच्या जोड्या राखल्या त्याला शेअर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची तसदी कोणी घ्यावयाची? वचन मराठीत तोंडी, आणि करार इंग्रजीत लेखी, ही तऱ्हा जोवर आहे तोवर संमती ह्या शब्दास अर्थ नाही.

ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांची ही कथा. ज्यांच्या नावे तो नव्हता त्यांची कथा सांगावयास कोणी उरलेच नाही. वाट्याने शेत करणारा, मोलाने खुरपणारी बाई, औतफाटा भरून देणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, डोंगरकडेचा ठाकर, ह्या सर्वांचे पोट त्याच जमिनीवर होते. जमीन गेली तेव्हा धनी चेक घेऊन घरी गेला, आणि हे रिकाम्या हातांनी बाजूला झाले. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने कूळ, शेतमजूर व कारागीर ह्यांनाही बाधित कुटुंब म्हणून प्रथमच ओळखले. कायदा चांगला झाला, पण आमच्या पट्ट्यातील बहुतेक जमीन त्याआधीच गेलेली होती. वरात निघून गेल्यावर अक्षता वाटल्या.

ह्याच कन्हेरसरचे नाव घेताना आम्हांस नारायण मेघाजी लोखंडे ह्यांची आठवण होते, कारण त्यांचे घराणे मूळचे तेथले असे सांगतात. महात्मा फुल्यांच्या ह्या सहकाऱ्याने १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि 'दीनबंधू' पत्रातून त्यांची गाऱ्हाणी मांडली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांवर कामगार जमले, आणि त्या सभेत दोन बायकांनी उभे राहून भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनपासून गिरण्यांस आठवड्याची सुटी मिळाली. सुटी ही मालकाची मेहेरबानी नसून माणसाचा हक्क आहे, हे त्या दिवशी मान्य झाले.

आमच्या पट्ट्यात ती सुटी गुरुवारी असते. पण आता गुरुवारीही ठेकेदाराच्या गाड्या पहाटे गावात येतात. कायम कामगार घरी असतो आणि त्याच यंत्रावर ठेकेदाराचा माणूस उभा असतो. काम तेच, यंत्र तेच, पगार मात्र निम्म्याहून कमी. आणि काही महिने भरले की 'ब्रेक' देऊन घरी बसवावयाचे, म्हणजे कायमपणाचा हक्क उभाच राहत नाही. कोठे त्यास 'शिकाऊ' म्हणतात. तो वर्षानुवर्षे शिकतो, पण त्याचे शिकणे काही पुरे होत नाही. आमच्या शाळेत एवढा मंद विद्यार्थी आम्ही पाहिला नाही!

आमचा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांमागे घरी आला. चौथीत असताना त्याचे अक्षर वर्गात सर्वांत वळणदार होते. आम्ही त्याच्याकडून फळ्यावर सुविचार लिहून घेत असू. आल्यावर उजवा हात खिशातच ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, एक अर्ज लिहून द्या." आम्ही म्हणालो, "अरे, तुझे अक्षर आमच्यापेक्षा चांगले." तेव्हा त्याने हात बाहेर काढला. एका लहान शेडात प्रेसखाली दोन बोटे गेली होती. शेडवाला म्हणे, हा माणूस आमचा नव्हे, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणे, मी तर दुसऱ्या ठेकेदाराकडून माणसे घेतो. त्याच्यापाशी नेमणुकीचा कागद नव्हता, विम्याचे कार्ड नव्हते. त्या शेडात बनणारा सुटा भाग मोठ्या गाडीत बसतो, गाडीस नाव असते, नावास जाहिरात असते. बोटांस मात्र वाली नसतो. आम्ही अर्ज लिहून दिला. खाली त्याने डाव्या हाताने सही केली. ती सही पहिलीतल्या मुलासारखी आली. आम्ही वीस वर्षे पोरांना अक्षर गिरवावयास शिकवीत आहो, ते ह्यासाठी काय?

आणि हा एकट्याचा प्रश्न नाही. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यात उरवडे येथील कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार मेले. त्यांत बहुतेक बायका होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाज्या बनविणाऱ्या शेडात स्फोट झाला. सहा बायका त्याच दिवशी गेल्या, आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढे इस्पितळात. त्या शेडास परवानगी नव्हती असे मागाहून सांगण्यात आले. मागाहून सर्वच सांगता येते. श्रीमंतीबद्दल देशभर नावाजलेल्या महापालिकेच्या हद्दीत दारूगोळ्यासारख्या मालाचे काम चालते आणि ते कोणास दिसत नाही, ह्याचा अर्थ इतकाच की तेथे पाहावयास कोणी जातच नव्हते. दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यास पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून जगभर समारंभ झाले. लोखंड्यांच्या सभेत बायका बोलल्या त्यास आता एकशे तीस वर्षांवर काळ लोटला. तळवड्याच्या बायकांना बोलण्यासाठी सभाच नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. चांगल्यास चांगले म्हणावे हा आमचा शिरस्ता आहे. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र द्यावे आणि किमान वेतन सर्वांस लागू व्हावे, ही कलमे स्वागतार्ह आहेत. आमच्या त्या विद्यार्थ्यापाशी असा कागद असता तर त्याला दारोदार फिरावे लागले नसते. पण दुसरी बाजूही पाहा. विजेवर चालणारी जागा पूर्वी दहा कामगार असले तरी कारखाना ठरे, आता वीस लागतात. ठेकेदारी कामगारांचा कायदा पूर्वी वीस माणसांपासून लागू होई, आता पन्नासांपासून. सरकारची परवानगी न घेता कामगार कमी करण्याची मुभा पूर्वी शंभरांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यास होती, आता तीनशेंहून कमी असलेल्यास आहे. म्हणजे जेथे बोटे तुटतात आणि जेथे आगी लागतात, त्या लहान शेडांवरचेच पांघरूण आखूड झाले. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दिवसाचे काम नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. त्यास कामगाराची लेखी संमती लागेल असे म्हणतात. ज्यास उद्या कामावर घ्यावयाचे की नाही हे ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याची संमती ती संमती कसली? कामाचे तास आठावर आणण्यासाठी १९४२ पासून मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर झटले. तो मिळविलेला तास हातचा जाऊ द्यावयाचा काय?

पाण्याचा हिशेबही असाच. पवना धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतील शेकडो कुटुंबांना पर्यायी जमिनीसाठी पन्नास वर्षे ताटकळावे लागले. त्याच धरणातून बंद नळाने पिंपरी-चिंचवडला पाणी न्यावयाचे ठरले तेव्हा मावळच्या शेतकऱ्याने विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि एका बाईसह तिघे ठार झाले. शहरातील कामगारास पाणी नको असे मावळचा शेतकरी म्हणत नव्हता. पाणी कोणास, किती आणि आमच्या शेताचे काय, हे आम्हांस विचारून ठरवा, एवढेच त्याचे म्हणणे होते. विचारण्यास वेळ लागतो. गोळीस लागत नाही. आणि ज्या नदीचे पाणी कारखान्यांना व शहरांना पुरवावयाचे, ती इंद्रायणी आळंदीच्या घाटावर सांडपाण्याने फेसाळलेली वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो. "हक्कांची एवढी घासाघीस केलीत तर कारखाने शेजारच्या राज्यात जातील." २०२२ साली तळेगावास येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेला तेव्हा हाच गजर झाला. पण पुढच्याच वर्षी त्या जोडीतील एक भागीदार बाहेर पडला, हे गजर करणाऱ्यांनी सांगितले नाही. जो केवळ स्वस्त जमीन आणि मुके मजूर पाहून येतो तो आणखी स्वस्त दिसले की उठून जातो. जो रस्ता, वीज, पाणी आणि शिकलेले हात पाहून येतो तो टिकतो. शिकलेले हात कोठून येतात? आमच्या शाळांतून. शाळेत पोर टिकते केव्हा? बापाचा पगार टिकतो तेव्हा. तेव्हा हक्क हे उद्योगाच्या पायातील धोंडे नसून पायाचे दगड आहेत.

शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे छावणीस असलेल्या आपल्या लष्करास ताकीद दिली होती की, रयतेचे धान्य-गवत जबरीने घेऊ नका, नाहीतर लोक म्हणतील, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. ती छावणी राज्याच्या रक्षणासाठीच होती. तरी रयतेचा हक्क आधी. हीच खरी अर्थनीती. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी बजाविले होते की, राजकारणात समता आणि पोटापाण्यात विषमता अशी विसंगती आपण फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. घटनेच्या ३९ व्या कलमात उपजीविकेचे साधन, ४३ व्यात निर्वाहाजोगे वेतन सांगितले आहे. ह्यांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही खरा, पण राज्यकारभाराच्या मुळाशी हीच तत्त्वे ठेवावीत अशी घटनेची आज्ञा आहे. १९७९ साली भारताने आर्थिक व सामाजिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारासही मान्यता दिली. सबब आम्ही नवे काही मागत नाही. दिलेल्या शब्दाची वसुली मागतो.

वसुली कशी करावयाची? प्रत्येक नव्या कराराआधी सरकारने पाच गोष्टी मराठीत लिहून चावडीवर लावाव्यात. पहिली, ह्या गावास पूर्वी दिलेली वचने कोणती आणि त्यांतील पुरी किती. जुना परतावा दिल्यावाचून नवी जमीन घेऊ नये. दुसरी, सातबाऱ्यावर नाव नसलेली कोणती कुटुंबे बाधित होतील आणि त्यांस काय मिळेल. तिसरी, नोकऱ्या कायम किती, ठेकेदारी किती, आणि सारख्या कामास सारखा पगार आहे की नाही. चौथी, लहान शेडांची तपासणी कोण व केव्हा करणार. ज्याच्या नावाने माल विकला जातो त्याने शेडातील बोटांचीही जबाबदारी घ्यावी. पाचवी, पाणी कोठून घेणार आणि घाण कोठे सोडणार. ह्या पाच रकान्यांत भरावयास काही नसेल तर कोटींचा आकडा छापू नये.

शेवटी, बंधूंनो, दोन शब्द आपल्या घरचे. सरकारकडे हक्क मागणाऱ्याने आपल्या घरातील हक्काचा हिशेब चोख ठेवावा. मोबदला येणार असे कळले की आपण बहिणींना माहेरी बोलावतो, साडीचोळी करतो आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतो. कायद्याने मुलगी मुलाइतकीच वारस आहे. तिचा हक्क बुडविणाऱ्याने प्राधिकरणाला बुडवे म्हणण्याचा अधिकार गमावला. मोबदल्याचे पैसे लग्नातील हत्ती-घोडे आणि दारापुढच्या दोन गाड्या ह्यांत किती गेले, हेही आपणांस ठाऊक आहे. तसेच, आपल्या खोलीत भाड्याने राहणारा परगावचा कामगार आपल्या पोटावर आला असे मानू नका. त्याचेही शेत कोठेतरी सुटले आहे. ठेकेदारास तुम्ही दोघे भांडत राहिलात तर हवेच आहे.

कामावर जाताना नेमणूकपत्र मागा, पगाराची पावती जपा, विम्याचा नंबर पाठ करा. ग्रामसभा असेल त्या दिवशी एक खाडा झाला तरी चालेल, पण हजर राहा. आणि न समजणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी तो गावच्या शाळेत घेऊन या. शाळा सुटल्यावर आम्ही पाराजवळच असतो, आणि आमच्यासारखे शिक्षक प्रत्येक गावी आहेत. कागद वाचून दाखविण्याचे आम्ही काही घेत नाही.